अणूचा परिसराशी गुंता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन कणांची अवस्था स्वतंत्रपणे मांडता येत नाही, दोघांची मिळून एकच अवस्था असते, तेव्हा ते कण क्वांटम गुंत्यात असतात. एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये या गुणधर्माला एन्टँगलमेंट हे नाव दिले.

असा गुंता दुर्मिळ असतो आणि प्रयोगशाळेत मोठ्या कष्टानेच घडवता येतो, असे सर्रास मानले जाते. खरे तर तो सतत घडत असतो. उत्तेजित अणूने फोटॉन सोडला की दोघे गुंततात. २००४ मध्ये मिशिगन विद्यापीठात कॅडमियमच्या एकाच आयनावर हे प्रत्यक्ष पडताळले गेले. हवेचा रेणू अणूवर आदळला तरी हेच होते. खरी अवघड गोष्ट आहे ती अणूला परिसरापासून अलिप्त राखण्याची, आणि क्वांटम संगणक बनवणाऱ्यांची मुख्य झुंज तिच्याशीच आहे.

दुसरा गैरसमज अधिक हट्टी आहे: कोणी पाहिले तरच क्वांटम वर्तन लोपते. व्हिएन्ना विद्यापीठातील २००३ च्या प्रयोगाने त्याला चोख उत्तर दिले. ७० कार्बन अणूंचे फुलरीन रेणू निर्वात नळीतून सोडले की तरंगांप्रमाणे त्यांचे व्यतिकरण पट्टे उमटतात. नळीत थोडा थोडा वायू सोडत गेल्यावर हे पट्टे फिके होत गेले, तेही सिद्धांताने वर्तवलेल्या प्रमाणात. आदळणाऱ्या वायूरेणूंकडे कोणीही पाहत नव्हते. फुलरीन कोणत्या मार्गाने गेला याची खूण त्या रेणूंत उमटली, एवढे पुरेसे होते. पुढच्याच वर्षी फुलरीन लेसरने तापवले, तेव्हा त्यांनी स्वतःच उत्सर्जित केलेल्या उष्णताप्रारणानेही पट्टे पुसले गेले.

परिसराशी गुंतल्यामुळे व्यतिकरण लोपण्याच्या या प्रक्रियेला डीकोहेरन्स म्हणतात. तीत अणूला धक्का बसलाच पाहिजे किंवा त्याची ऊर्जा घटलीच पाहिजे, असे नाही. अध्यारोपणही, म्हणजे एकाच वेळी अनेक शक्य अवस्थांत असणेही, नष्ट होत नाही. ते अणू आणि परिसर यांच्या सामायिक अवस्थेत पसरते, म्हणून एकट्या अणूकडे पाहणाऱ्याला दिसत नाही. डीटर झेह यांनी १९७० मध्ये हा विचार मांडला, तर वोइचेख झुरेक यांनी १९८० च्या दशकात तो विस्तारला. सर्ज हारोश यांच्या गटाने १९९६ मध्ये पॅरिसला रुबिडियमच्या अणूंच्या साहाय्याने ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडताना टिपली. अध्यारोपणातील दोन अवस्थांमधले अंतर जितके जास्त, तितक्या लवकर ते दिसेनासे होते, असे त्यात आढळले.

डीकोहेरन्समुळे मापनाचे कोडे सुटले, हा दावा मात्र अतिरेकी आहे. व्यतिकरण का दिसेनासे होते, हे त्यातून कळते. अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का प्रत्ययास येते, या प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.