आधी रक्त थांबवा

निपाणीकडची एक मुलगी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली, बेंगळुरूत सर्जिकल वॉर्डला नोकरी. नाईट संपवून सकाळी नऊला पीजीवर येते, आंघोळ करते आणि झोपायच्या आधी मोबाईलवर पंच्याहत्तर प्रश्न सोडवते. मागच्या महिन्यात रविवारी माझ्याकडे आली तेव्हा डोळे सुजलेले होते. “ताई, अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर जातच नाही. मी काही पास होत नाही.”

मी स्वतः बारा वर्षं आयसीयूत काढली. आता रविवारी अशा पाच-सहा मुलींबरोबर बसते. मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांचं नुकसान होतं ते अभ्यास कमी पडल्यामुळे नाही, तर एनक्लेक्स या परीक्षेबद्दल हॉस्टेलात आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टींमुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे नर्सिंगचा अभ्यासक्रम पास झाला की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि काम सुरू करता येतं. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर परवान्याची वेगळी परीक्षा असते, ती म्हणजे एनक्लेक्स. नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग ही संस्था ती घेते. तिचे दोन प्रकार: रजिस्टर्ड नर्ससाठी आरएन आणि प्रॅक्टिकल नर्ससाठी पीएन. परीक्षेसाठी परदेशी जावं लागत नाही, बेंगळुरूतच पिअर्सन कंपनीच्या परीक्षा केंद्रात ती देता येते.

“सत्तर टक्के पडल्याशिवाय पास नाही”

एनक्लेक्सला टक्केवारीच नाही. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा असतो. किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. दुकानदार एक वजन टाकतो, पारडं वर राहिलं तर आणखी टाकतो, खाली गेलं तर काढतो. इथे तसंच होतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. तुमचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता जवळपास निम्मी असेल असाच प्रश्न संगणक शोधत असतो. त्यामुळे चांगली तयारी झालेल्या मुलीचेही बरेच प्रश्न चुकतात. किती बरोबर आले यापेक्षा किती अवघड प्रश्नांपर्यंत तुम्ही टिकलात, हे तिथे मोजलं जातं.

कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. म्हणून “पंच्याऐंशीला बंद झालं म्हणजे पास” हेही खोटं आणि “पंच्याऐंशीला बंद झालं म्हणजे नापास” हेही खोटं. दोन्ही घडतं. त्या ८५ मधले १५ प्रश्न तर नुसते पारखून पाहण्यासाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे सांगत नाहीत. एखादा प्रश्न अगदीच परका वाटला तर घाबरायचं कारण नाही. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, हे मात्र घरी सराव करतानाच अंगवळणी पाडा.

निपाणीच्या मुलीचे अठ्ठावन्न टक्के मला तेवढ्यावरून काहीच सांगत नाहीत. एका ॲपचे प्रश्न अवघड, दुसऱ्याचे सोपे. मी तिला विचारलं, “चुकलेल्या बेचाळीस टक्क्यांचं काय केलंस?” ती गप्प बसली.

“तीन हजार प्रश्न सोडवले की सुटलो”

सगळ्यात जास्त मुली इथे अडकतात, म्हणून इथे थांबते.

असा एक प्रश्न घ्या. रुग्णाला रक्त सुरू करून दहा मिनिटं झाली आहेत. तो म्हणतो, थंडी वाजतेय आणि कंबर दुखतेय. परिचारिका सर्वात आधी काय करेल? पर्याय: डॉक्टरांना कळवेल, रक्ताचा वेग कमी करेल, ताप आणि बीपी बघेल, रक्त थांबवेल.

माझ्यासमोर बसलेल्या सहाजणींपैकी चौघींनी “डॉक्टरांना कळवेल” किंवा “वेग कमी करेल” निवडलं. उत्तर आहे रक्त थांबवेल. थंडी आणि कंबरदुखी ही चुकीच्या गटाचं रक्त गेल्याची खूण असू शकते. तसं असेल तर तांबड्या पेशी फुटायला लागलेल्या असतात आणि प्रत्येक मिलिलिटर मूत्रपिंडावर बेततो. वेग कमी केला तरी रक्त जातच राहतं. डॉक्टर फोन उचलेपर्यंतही ते जात राहतं. आधी थांबवायचं, मग नव्या नळीने नॉर्मल सलाईन लावून शीर चालू ठेवायची, व्हायटल्स बघायचे, डॉक्टरांना कळवायचं, पिशवी आणि नळी रक्तपेढीला परत पाठवायची.

चौघींना यातलं काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. मी विचारल्यावर एकीने रक्ताच्या रिअॅक्शनची लक्षणं धडाधड सांगितली. चुकवलं ते सवयीने. आपल्या वॉर्डात सिस्टरला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, आधी डॉक्टरांना विचार. ती सवय हाडात मुरलेली असते आणि परीक्षेत बोट आपोआप त्या पर्यायावर जातं. तीन हजार प्रश्न नुसते सोडवत गेलं तर ही सवय तीन हजार वेळा घोटली जाते, मोडत नाही.

म्हणून माझ्याकडे नियम असा आहे की दिवसाला चाळीस प्रश्न पुरे, पण सोडवायला एक तास तर वाचायला दोन तास. बरोबर आलेल्या प्रश्नाचंही स्पष्टीकरण वाचायचं, कारण अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर सगळ्यात धोक्याचं. चुकलेला प्रश्न वहीत एका ओळीत उतरवायचा आणि शेजारी तीनपैकी एक शब्द लिहायचा: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, सवय. पंधरा दिवसांनी वही उघडली की कळतं आपलं दुखणं कुठे आहे. “माहीत नव्हतं” जास्त असेल तर पुस्तक उघडा. “सवय” जास्त असेल तर पुस्तकाचा उपयोग नाही, तिथे प्रत्येक पर्यायासमोर “हे आधी केलं तर रुग्णाचं काय होईल” असं तोंडाने बोलून बघायचं.

सवयीचा दुसरा खड्डा म्हणजे काम कोणाला सांगायचं. पक्षाघाताचा रुग्ण आहे, आज पहिल्यांदा तोंडाने जेवणार आहे. आपल्याकडे त्याला बायको किंवा मुलगा भरवतो, फार तर वॉर्डातल्या मावशी मदत करतात. परीक्षेत हे काम मदतनीसाला दिलं की उत्तर चुकलं, कारण त्याला गिळता येतंय की नाही हे आधी तपासायला हवं. पीएनच्या परीक्षेत तर स्वतःचीही हद्द ओळखावी लागते. पहिली तपासणी, काळजीचा आराखडा, रुग्णाला नव्याने शिकवणं हे रजिस्टर्ड नर्सचं काम. प्रॅक्टिकल नर्स स्थिर रुग्ण सांभाळते, नोंदी गोळा करते, आधी शिकवलेलं पक्कं करून घेते. आपल्या जीएनएम सिस्टर एका पाळीत हे सगळंच करतात, त्यामुळे “हे मी करायचं नाही” हे उत्तर त्यांना सुचतच नाही.

“वॉर्डात दहा वर्षं काढलीत, औषधांचं काय एवढं”

अनुभव उपयोगी पडतोच. पण तिथली नावं वेगळी आहेत. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे ॲल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. कंपनीच्या नावांनी औषध ओळखायची सवय असेल तर आणखी गोंधळ, कारण परीक्षेत साधारणपणे औषधाचं मूळ नाव येतं. सलाईनच्या थेंबांचंही तेच. हजार मिलि आठ तासांत द्यायचं आहे. एक मिलिला पंधरा थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ३१ थेंब, वीसचा असेल तर ४२. हातात बसलेला आकडा विसरून प्रश्नात दिलेला आकडा घ्यायचा.

“लागू असतील ते सगळे निवडा, मग सगळेच टिक करा”

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं नवं रूप आलं आणि अंशतः गुण मिळायला लागले. आधी अशा प्रश्नात एक खूण चुकली की सगळं गेलं. आता या प्रश्नात बरोबर खुणेला एक गुण मिळतो, चुकीच्या खुणेला एक वजा होतो आणि एकूण शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे सगळ्या चौकटींवर खूण केली तर मिळवलेलं गमवाल. दुसऱ्या टोकाला, भीतीने एकच खूण करून पुढे जाऊ नका. जेवढ्याची खात्री आहे तेवढ्या करा.

याच बदलात एकाच रुग्णाची गोष्ट पुढे सरकवत नेणारे प्रश्न आले. प्रत्येकीला अशा किमान तीन केस येतात आणि प्रत्येक केसमध्ये सहा प्रश्न असतात: काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, आधी काय महत्त्वाचं, काय करता येईल, काय करायचं, केल्यावर फरक पडला का. नोंदी, लॅबचे रिपोर्ट, औषधांची यादी स्क्रीनवर समोर असते. २०२३ च्या आधीची प्रश्नांची पुस्तकं मैत्रिणीकडून फुकट मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांत हे प्रश्न नसतात.

“मागच्या आठवड्यात आलेले प्रश्न आहेत माझ्याकडे”

टेलिग्रामवर पैसे घेऊन असे प्रश्न विकले जातात. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. त्या मोडल्या तर निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय प्रत्येकीचा पेपर तिच्या उत्तरांप्रमाणे वेगळा बनतो, म्हणून दुसरीचे आठवलेले प्रश्न तुमच्या वाट्याला येतील ही आशाच धरू नये. आठवणीतून लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरंही अनेकदा चुकीची असतात आणि तीच पाठ होऊन बसतात, हे मी पाहिलं आहे.

“जीएनएम झालं म्हणजे पीएन, बीएस्सी झालं तरच आरएन”

हा गैरसमज फार महाग पडतो. जीएनएम पूर्ण केलेली परिचारिका भारतात रजिस्टर्ड नर्सच असते. अमेरिकेतलं प्रत्येक राज्य आपले नियम ठरवतं आणि मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बाल, मानसोपचार या विषयांचे थिअरी आणि प्रात्यक्षिकाचे तास किती भरले हे बघतं. तास भरत असतील तर जीएनएमला आरएनचा दरवाजा उघडा असू शकतो. आणि पीएनचा रस्ता सोपा दिसला तरी पुढे अरुंद आहे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या नियमांत रजिस्टर्ड नर्सला श्रम खात्याच्या नेहमीच्या मंजुरीतून सूट आहे, प्रॅक्टिकल नर्सला ती सूट नाही. आरएनलाही पास झाल्या झाल्या विमानात बसता येत नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची आहे. घरची जमीन गहाण ठेवून एजंटला पैसे देण्याआधी हे आई-वडिलांना समजावून सांगा.

ज्या मुलींना आखातात किंवा ब्रिटनला जायचं आहे त्यांनी एनक्लेक्सचे प्रश्न सोडवत बसू नये. दुबईची परीक्षा वेगळी आहे. ब्रिटनला संगणकावरच्या परीक्षेनंतर तिथे जाऊन प्रात्यक्षिक द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात मात्र आरएनच्या वाटेवर एनक्लेक्स लागते आणि मग प्रात्यक्षिक.

“परीक्षेनंतर पुन्हा नोंदणी करून बघितलं की निकाल कळतो”

पुन्हा फी भरायचा प्रयत्न करायचा, संकेतस्थळाने अडवलं तर पास, असं मुली एकमेकींना सांगतात. हा निकाल नव्हे आणि कार्डमधून खरेच पैसे गेले तर तो भुर्दंड. ज्या राज्याकडे अर्ज केला त्याच्या नर्सिंग बोर्डाकडून कळतं तोच निकाल, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. नापास झाल्यास साधारण ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

एक गोष्ट अभ्यासाची नाही, पण तिच्यापायी मुली केंद्राच्या दारातून परत आल्या आहेत. परीक्षेला बसण्याच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव अक्षराअक्षराने जुळलं पाहिजे. आपल्या भागात शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, कर्नाटकातल्या गुणपत्रिकेवर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतरच्या आधारवर नवऱ्याचं आडनाव. निपाणीच्या मुलीचे असे तीन कागद तीन नावांचे निघाले. आम्ही त्या रविवारी प्रश्न बाजूला ठेवले, तिचा पासपोर्ट टेबलावर उघडला आणि अर्जातली प्रत्येक चौकट त्यावरून भरली.