मामा म्हणजे कोण? यंत्राला कसे सांगावे?

अमडापूर चिखली तालुक्यात आहे आणि चिखली तालुका बुलढाणा जिल्ह्यात आहे. एवढे सांगितले की अमडापूर कोणत्या जिल्ह्यात, हे तुम्ही क्षणात सांगाल. संगणकाला मात्र ते आपोआप कळत नाही. ‘मध्ये आहे’ हा संबंध पुढेपुढे सरकतो, असा नियम त्याला आधी द्यावा लागतो. गणितात अशा संबंधाला संक्रामक संबंध म्हणतात.

असे नियम लिहिण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी २००४ रोजी एक भाषा प्रमाणित केली. तिचे नाव ओडब्ल्यूएल. पण उच्चार करतात ‘आउल’, म्हणजे घुबड! वेबवरील माहिती यंत्राने नुसती दाखवू नये, तिच्यावरून अनुमानही काढावे, हा तिचा हेतू.

पण या घुबडाला एक साधी गोष्ट सांगता येत नव्हती. मामा म्हणजे कोण? संक्रामक नियमात एकच संबंध पुन्हा पुन्हा येतो. मामाच्या नात्यात मात्र दोन निराळे संबंध जोडून तिसरा तयार होतो : आई, आणि आईचा भाऊ.

मोकळीक का नाही?

तुम्ही विचाराल, मग हवे ते नियम लिहू द्यायला काय हरकत होती? अडचण खोल आहे. काही प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यांत्रिक रीतीने दर वेळी खात्रीने मिळवता येत नाहीत, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. संबंधांच्या साखळ्या वाटेल तशा गुंतवू दिल्या, तर भाषेवर हेच संकट येते. यंत्र शोधीत राहील. ते थांबेलच अशी हमी उरत नाही.

म्हणून २७ ऑक्टोबर २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत साखळ्या आल्या, पण शिस्तीसह. संबंधांना जिन्यासारखा क्रम हवा. खालच्या पायरीच्या आधारे वरची बांधायची. ‘भाऊ’वरून ‘मामा’ ठरवला, की साखळीने ‘मामा’वरून पुन्हा ‘भाऊ’ ठरवता येत नाही.

नात्यांपुरते नाही

वैद्यकातील स्नोमेड सीटी या संज्ञाकोशात तीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. एवढ्या मोठ्या कोशासाठी भाषेचे ‘ईएल’ हे आटोपशीर रूप उपयोगी पडते. त्यात काही गोष्टी सांगता येत नाहीत. त्या बदल्यात उत्तर वाजवी वेळात मिळते.

आता पाहा. अंगठा हाताचा भाग आहे. म्हणून अंगठ्याची जखम ही हाताचीही जखम. हा नियम दिला, तरच हाताच्या जखमांचे सगळे रुग्ण यंत्राला सापडतील. पण अंगठा कापून टाकणे म्हणजे हात कापून टाकणे नव्हे! तोच नियम इथे लावला, तर रुग्णाच्या कागदावर भलतीच नोंद होईल, आणि यंत्र हू की चू करणार नाही. नियम कुठे लावायचा, हे माणसानेच ठरवायचे असते.

करून पाहा

मावशी, आत्या, मामेभाऊ यांचे असेच नियम लिहा. काकांसाठी एकाने लिहिले : ‘वडिलांच्या वडिलांचा मुलगा म्हणजे काका.’ या नियमाने घरातील आणखी कोण काका ठरतो? ती चूक कशी टाळाल, यावर वर्गात चर्चा करा.