तराफा बांधणारे हात



२०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील वाचकांना तराफ्याची गोष्ट सांगणे काहींना विनोद वाटेल. परंतु २०२१ च्या सप्टेंबरात त्याच मांजरेला पूर येऊन काठची शेते बुडाली, हेही आपण पाहिले आहे. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले शाळेत जाण्यासाठी जायकवाडीचे पाणी थर्माकोलवर बसून पार करीत असल्याचे वृत्त २०२३ साली आले. पाण्यावर तरंगायचे कसे, हा आपल्याकडे केवळ हौसेचा विषय नाही.

केरळात थेक्कडी येथे, पेरियार व्याघ्र प्रकल्पात, पाहुण्यांना बांबूच्या तराफ्यावरून जलाशयात नेतात. हा जलाशय १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचा. मन्नान आणि पलियान हे तेथील जुने आदिवासी समाज. त्यांच्यातील माणसे पाहुण्यांना जंगलाची वाट दाखवतात. याच जंगलातून दालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांचीही १९९० च्या दशकात एक समिती बनवण्यात आली व जंगल राखण्याचे काम त्यांच्या हाती देण्यात आले. जंगलाची माहिती त्यांना आधीही होती. फरक एवढाच की, आधी त्या माहितीपायी पोलीस मागे लागत, नंतर तिचा मेहनताना मिळू लागला.

आपल्याला मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, आंध, परधान आणि कोलाम बांधव राहतात. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. बांबूच्या टोपल्या, सुपे, तट्टे विणण्यात कोलामांचा हात धरणारा विरळा. बांबूवर टिचकी मारून तो कोवळा की जून, हे सांगणारी माणसे तेथे भेटतात. आपल्या लातूरच्या बाजारात सूप-दुरडी विकणारे बुरुड बांधवही याच विद्येचे जाणकार.

तराफ्याचे शास्त्र त्यांच्याकडून समजून घ्यावे. आपल्या कोरड्या जंगलातील मानवेल भरीव. तो लाठीला उत्तम, तरंगायला कमी. तराफ्याला जाड आणि पोकळ असा कटांग बांबू हवा. बांबूचे प्रत्येक पेर गाठीने बंद असते, त्यामुळे एक पेर फुटले तरी बाकीच्यांत हवा राहते. म्हणूनच खिळे ठोकू नयेत, दोराने बांधावे. पावसाळा सरल्यावर तोडलेल्या जून बांबूला कीड कमी लागते. ओला बांबू बांधला तर वाळून आकसतो आणि गाठी सैल पडतात. एकाचा बुडखा व दुसऱ्याचा शेंडा शेजारी ठेवला, म्हणजे दोन्ही बाजूंना भार सारखा बसतो. वर आडवे बांबू टाकून काथ्याच्या दोराने प्रत्येक जोड आवळायचा.

हिशेब साधा आहे. आठ सेंटिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा बांबू सुमारे पंधरा लिटर पाणी बाजूला सारतो. त्याचे स्वतःचे वजन आठ-नऊ किलो धरले, तर सहा किलोचा भार पेलतो. वीस बांबूंचा तराफा एकशेवीस किलोचा झाला. तेव्हा त्यावर दोन मुले बसवावीत, पाच नव्हे! जीवरक्षक जाकीट आणि पोहणारे जाणते माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि पुराच्या पाण्यात तर कदापि नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. एवढे ज्ञान असलेली माणसे गरीब का? बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्थेने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली. बांबू वाकवणाऱ्याला बुरुड म्हणून खाली बसवले आणि बांबूवर मालकी दुसऱ्याची ठेवली. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला. तरीही गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला स्वतःचा बांबू विकण्याचा वाहतूक परवाना मिळण्यास एप्रिल २०११ उजाडावे लागले. हक्क नसेल, तर कसबी माणूसही मजूरच राहतो.

आपण गावकीची कामे सोडली, ते योग्यच केले. ती गुलामी होती. परंतु गुलामी टाकताना हाताच्या कामाविषयीच तिटकारा आला, तर नुकसान आपल्याच मुलांचे. आपली मुले बी.ए., बी.कॉम. होत आहेत, याचा आनंद आहे. त्यांना एक गाठ घट्ट मारता यावी, हीही अपेक्षा आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते की, उन्हाळी सुट्टीत बुद्धविहारांनी मुला-मुलींचे तीन दिवसांचे शिबिर किनवटच्या बाजूला न्यावे. लातूरहून नांदेडपर्यंत एस.टी., पुढे किनवटला रेल्वे. खर्च गरीब कुटुंबाला झेपेल असा. पोडावरच्या जाणत्या स्त्री-पुरुषांना गुरुजींच्या जागी बसवावे, 'अहो-जाहो' म्हणावे, आणि शिकवण्याचे मानधन ठरवून आधी द्यावे. त्यांचे फोटो काढून परत येणे ही सहल झाली, शिक्षण नव्हे.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. पैलतीरी जाण्यासाठी माणूस गवत, काटक्या, फांद्या गोळा करतो, तराफा बांधतो आणि हातापायांनी वल्हवतो. तीर गाठल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरत नाही. या दृष्टान्तातील त्याग आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. त्याआधीचे गोळा करणे, बांधणे आणि वल्हवणे मात्र ऐकता ऐकता निसटते. ते आपल्या मुलांना शिकवू या.