अदम्य : एका शब्दाचे कूळ

ज्याची जिद्द कोणत्याही संकटापुढे वाकत नाही, त्याच्यासाठी इंग्रजीत ‘इन्डॉमिटेबल’ हे विशेषण योजले जाते. मराठीत त्यासाठी ‘अदम्य’ हा शब्द आहे. या दोहोंत केवळ अर्थाचे साम्य नाही, तर रक्ताचे नातेही आहे.

लॅटिन भाषेत ‘डोमारे’ म्हणजे जनावराला माणसाळवणे. त्याच क्रियापदाच्या एका रूपाला नकारार्थी ‘इन्’ जोडून ‘इन्डोमिटाबिलिस’ हा शब्द सिद्ध झाला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. संस्कृतातील ‘दम्’ हा धातू याच कुळातला. जुवाला जुंपण्यासाठी शिकवायच्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात. अर्थात, ज्याच्या मानेवर दुसऱ्याला जू ठेवता येत नाही, तो अदम्य! माणसाळवणे या अर्थाचा इंग्रजी ‘टेम’ हा शब्दही याच घराण्यातला आहे.

परंतु या धातूला आणखी एक अंग आहे. ‘शम-दम’ या जोडीतील ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह, स्वतःच स्वतःला घातलेला लगाम. दुसऱ्याचे जू झुगारणे आणि स्वतःच्या मनाला वळण लावणे, हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून उगवावेत, हे विलक्षण होय.

दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला यांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. १९६२ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे जन्मठेपेची शिक्षा झाली आणि रॉबेन बेटावरील चुनखडीच्या खाणीत राबावे लागले. १९८५ मध्ये सरकारने सशर्त सुटका देऊ केली. हिंसेचा मार्ग सोडल्याचे जाहीर करा, ही मुख्य अट होती. मंडेलांनी नकार दिला आणि आणखी पाच वर्षे कारावास सोसला. २७ वर्षांनंतर, ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते मुक्त झाले.

याच काळात त्यांनी राज्यकर्त्यांची आफ्रिकान्स भाषा अभ्यासली. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी सूडाऐवजी सलोख्याचा मार्ग स्वीकारला. सत्तेला त्यांना नमवता आले नाही. स्वतःचा संताप मात्र त्यांनी नमवला.

हट्टी माणूसही वाकत नाही आणि बेबंद माणूसही कोणाचे ऐकत नाही. पण त्यांना कोणी अदम्य म्हणत नाही. ज्याने आपल्या मनाला शिस्त लावली आहे, त्यालाच परिस्थिती जुंपू शकत नाही. अपयश, आजारपण वा आर्थिक ओढाताण वाट्याला आली असताना शांतपणे पुन्हा कामाला लागणारा सामान्य माणूसही या शब्दाचा तितकाच हक्कदार आहे.