ठाण्याचा किल्ला : आतून आणि बाहेरून

कल्याणचा दुर्गाडी सर्वांना ठाऊक आहे. नवरात्रात तेथे पाय ठेवायला जागा उरत नाही. परंतु ठाण्याचा किल्ला कोठे, असे विचारले तर जुना ठाणेकरही क्षणभर थबकतो. ‘सेंट्रल जेल’ म्हटले की मात्र लगेच बोट दाखवतो. ही वास्तू एकच. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची तिच्याशी ओळख झाली ती जामिनाच्या कागदांमुळे. तिचा इतिहास आम्ही मागाहून, ग्रंथालयात बसून, वाचला.

हा किल्ला येथेच का, ते प्रथम पाहू. ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व कडेवर वसले आहे. डोंबिवलीहून येणारी गाडी खाडी केव्हा ओलांडते हे गर्दीत कळतही नाही, म्हणून आपण बेटावर उतरतो याचा विसर पडतो. पूर्वी तसे नव्हते. एका बाजूने उल्हास नदीचे वसईकडे जाणारे पाणी, दुसऱ्या बाजूने मुंबई बंदराची भरती. कल्याणकडून माल येवो की फौज, बेटावर पाय टाकायचा तर ही चिंचोळी खाडी ओलांडणे आले. ज्याचे ठाणे, त्याची साष्टी, असा तो हिशेब होता.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तट बांधावयास घेतला. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाणे घेतले. ही फत्ते एका रात्रीत झालेली नाही. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी मुलूख जाणणारी माणसे पेशवे दरबारी कितीतरी आधीपासून खेपा घालीत होती. पुढे १७३८ साली ठाणे परत जिंकायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रू द मेलू येथेच मारला गेला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून किल्ला घेतला. त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन त्यात जखमी होऊन मेला, आणि आतल्या शिबंदीची मोठी कत्तल झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

येथपर्यंत तटाचे काम शत्रूला बाहेर ठेवण्याचे. आता ते उलटले. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर १८१५ साली इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला येथे कोंडले. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा गोऱ्या शिपायांचा. सांगतात ते असे की, एका साहेबाकडे नोकरीस लागलेला मराठा मोतद्दार तटाखाली घोडे फिरवताना गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतूनच निसटण्याचा बेत आत पोहोचवी. गोऱ्यांना मराठी कोठले कळायला! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी पसार झाला. बिशप हीबर यानेही आपल्या प्रवासवर्णनात या गाण्यांची हकीगत दिली आहे. त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला तो १८१८ साली, आणि गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला. त्या मोतद्दाराचे पुढे काय झाले, याची विचारपूस कोणी केलेली आम्हांला आढळली नाही.

पेशवाई बुडाली, समुद्रावर इंग्रजांना शत्रू उरला नाही, आणि मोकळ्या पडलेल्या तटाला तुरुंगाचे काम मिळाले. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे या महादेव कोळी पुढाऱ्याला २ मे १८४८ रोजी येथे फाशी दिले. एडनला नेण्यापूर्वी वासुदेव बळवंत फडके येथे होते. नाशिकच्या जॅक्सन वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर गेले. पुढल्या वर्षी सावरकरांना येथून अंदमानला नेले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर.

ही नावे फलकावर येतात, आणि यावीतच. परंतु त्याच तटाआड आज जे आहेत त्यांच्यातले बहुतेक कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेला हमाल, बिगारी, नाक्यावरचा मजूर आमच्या माहितीचा आहे. हद्दीवरच्या चाळीतले भाडेकरू. घराचा उतारा आणायचा कोठून?

तुरुंग अन्यत्र हलवावा आणि किल्ला लोकांना पाहायला खुला करावा, अशी मागणी ठाण्यात अधूनमधून होते. तिला आमचा विरोध नाही. राघोजींना कोठे फाशी दिले ते मुलांना दिसले पाहिजे. मात्र नवा तुरुंग कोठे, हा प्रश्न त्याच सभेत विचारावा लागेल. कळव्याची किंवा दिव्याची बाई आज अर्धा दिवस खाडा करून, लोकलने येऊन, नवऱ्याची भेट घेऊन संध्याकाळच्या कामाला परतू शकते. तुरुंग रेल्वेपासून लांब कोठे गेला, तर तिचा अख्खा दिवस बुडणार, आणि पगारही.