पेढीवरचा संगणक

आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या व्यापारपेठेतून फेरफटका मारला, तर हल्ली एक मौजेचे दृश्य पाहावयास मिळते. ज्या चौरंगावर पूर्वी नव्या कोऱ्या वह्या मांडल्या जात, तेथे आता पुष्कळ दुकानांतून संगणकाला हळदकुंकू वाहिलेले असते आणि कळफलकावर झेंडूची दोन फुले ठेवलेली असतात. जुन्या वळणाच्या माणसाला याचे हसू येईल. मला त्यात विसंगत असे काही वाटत नाही. वहीची पूजा करणारा व्यापारी वर्षभराच्या आपल्या देण्याघेण्याच्या आठवणीची पूजा करीत असे. कागद हे त्या आठवणीचे केवळ घर होते. संगणकाच्या बाबतीत मात्र पुष्कळ वेळा असे होते की, घराची खरेदी थाटामाटाने होते आणि त्यात राहणाऱ्याचा विसर पडतो. चार ते दहा माणसांच्या लहानशा कार्यालयासाठी संगणक आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर निवडताना हा विसर कसा टाळावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची इंदूरला पाइप, नळ व तत्सम सामानाची पेढी आहे. घर मराठी, धंदा तीन पिढ्यांचा. काही वर्षांपूर्वी त्यांनी वह्या बंद करून तीन संगणक घेतले. यंत्रे उत्तम होती, पडदे मोठे होते, किंमतही घसघशीत होती. एके दिवशी सकाळी मुख्य संगणक सुरूच होईना. कारागिराने तपासून सांगितले की, आतील हार्ड डिस्क निकामी झाली आहे. गृहस्थ घाबरले नाहीत. कारण त्यांचा हिशेबनीस दर शनिवारी सगळा हिशेब एका पेनड्राइव्हवर न चुकता उतरवून ठेवीत असे. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. पडद्यावर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे जे लहानसे चित्र दिसते, ज्यावर बोट दाबले की हिशेब उघडतो, तेवढेच चित्र त्या सज्जनाने दोन वर्षे दर शनिवारी उतरवून घेतले होते. ते चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी जपली गेली आणि घरातील चीजवस्तू गेली.

वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर आली होती. जुनी विवरणपत्रे सरकारी संकेतस्थळावर होती, बँकेचे उतारे मिळाले, मोठ्या गिऱ्हाइकांनी आपापल्या बिलांच्या प्रती पाठविल्या. रात्री जागून बराचसा हिशेब पुन्हा उभा राहिला. परंतु गावोगावच्या गवंड्यांकडे आणि प्लंबरांकडे राहिलेली किरकोळ उधारी कोठेच नोंदलेली नव्हती. काहींनी प्रामाणिकपणे आपण होऊन सांगितली; बाकीची बुडाली ती बुडालीच. त्या गृहस्थांचे तेव्हाचे एक वाक्य माझ्या मनात राहिले आहे. ते म्हणाले, “यंत्र दुसऱ्या दिवशी बाजारातून आणले, पण नोंद कोणत्या दुकानात मिळते?”

या प्रश्नातच निवडीचा क्रम सांगितलेला आहे. आधी काम पाहावे, मग त्या कामाला लागणारे सॉफ्टवेअर ठरवावे, आणि ते सॉफ्टवेअर ज्यावर सुखाने चालेल ते यंत्र शेवटी घ्यावे. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. वास्तविक संगणक कचेरीत शिरला तोच मुळी या सरळ क्रमाने. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ‘व्हिसिकॅल्क’ नावाचे कोष्टके मांडणारे सॉफ्टवेअर तयार केले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलावेत, एवढीच त्याची करामत. ते प्रथम ‘ॲपल टू’ या संगणकावर चालत असे, आणि केवळ ते वापरता यावे म्हणून अनेक व्यावसायिकांनी तो संगणक विकत घेतला. त्यांना यंत्राचे कौतुक नव्हते. आपल्या बेरजा पुन्हापुन्हा कराव्या लागू नयेत, ही त्यांची निकड होती.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या कार्यालयात रोज काय घडते ते लिहून काढावे. महिन्याला बिले किती होतात, ती करणारी माणसे किती, मालाचा साठा पाहावा लागतो काय, पत्रव्यवहार कोणत्या भाषेत होतो, कर भरण्याचे काम घरी होते की सल्लागाराकडे, हे सर्व त्यात यावे. बहुतेक लहान कार्यालयांची यादी चार कामांतच संपते : हिशेब, पत्रे व तक्ते, ईमेल, आणि बँकेचे व कराचे व्यवहार. ही कामे यंत्राला फारशी दमविणारी नाहीत. चित्रपटाचे संकलन किंवा इमारतींचे आराखडे ज्या संगणकावर होतात, तसला संगणक बिले करण्यासाठी घेणे म्हणजे भाजीची पिशवी आणण्यास मालमोटार पाठविणे होय.

आता सॉफ्टवेअर. हिशेबाच्या बाबतीत आपल्या देशाला परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. १९८६ साली बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ज्या उद्योगाचा आरंभ केला, त्यातून ‘टॅली’ आले आणि आपल्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीला संगणकावर जागा मिळाली. याखेरीजही अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी कोणते घ्यावे हे नावावरून ठरवू नये. चार प्रश्न विचारून ठरवावे. पहिला, १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची बिले आणि विवरणपत्रे यातून सरळ तयार होतात काय? दुसरा, परवाना एका संगणकापुरता आहे की कार्यालयातील सर्वांना एकाच वेळी त्यात काम करता येते? तिसरा, नोंदीत मागाहून केलेल्या फेरबदलाची तारीखवार खूण राहते काय? कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्था हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरीत असतील, तर १ एप्रिल २०२३ पासून अशी खूण ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच त्यांनी वापरणे बंधनकारक आहे. एकट्याची पेढी किंवा भागीदारी यांस हा नियम लागू नसला, तरी जेथे एकाहून अधिक हात वहीला लागतात तेथे ही सोय असणे हिताचे असते. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा : उद्या हे सॉफ्टवेअर सोडावयाचे ठरविले, तर माझा संपूर्ण हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात मला बाहेर काढता येईल काय? विक्रेता या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी विषय बदलू लागला, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

पत्रे आणि तक्ते यांसाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिस सर्वपरिचित आहे. त्यासाठी दरसाल वर्गणी भरण्याचीही पद्धत आहे, तेव्हा खर्च मोजताना एका वर्षाचा न मोजता पाच वर्षांचा मोजावा. ज्यांचे काम साधे आहे त्यांच्यासाठी २०१० साली सुरू झालेले ‘लिब्रेऑफिस’ विनामूल्य उपलब्ध आहे. साध्या पत्रांना व बेरजांना ते पुरते. मात्र गिऱ्हाइकांकडून गुंतागुंतीचे तक्ते येत असतील, तर खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी तसे दोन-चार तक्ते त्यात उघडून पाहावेत. तिसरा एक मार्ग पुष्कळांच्या अंगवळणी पडलेला आहे, तो म्हणजे चोरून उतरविलेल्या प्रतीचा. त्याविषयी एवढेच सांगतो की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ख अन्वये अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर आणखी काय घरात शिरले, हे कळण्यास मार्ग नसतो.

मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे केवळ चित्र बसविलेले असे. तो टंक नसलेल्या संगणकावर असे पत्र उघडले की, त्यातील मजकुराचे अगम्य चिन्हांत रूपांतर होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. त्या पद्धतीने लिहिलेले पत्र चेन्नईच्या गिऱ्हाइकाकडेही जसेच्या तसे उघडते, आणि दहा वर्षांनी त्यातील नाव शोधू म्हटले तर सापडते. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे उदाहरण येथे आठवते. कागद टिकले, शाई टिकली. परंतु मोडी वाचणारी माणसे विरळ झाल्याने ते सामान्य वाचकाला मुके झाले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे त्यांतील काही बोलू लागले. आपल्या बिलांसाठी कोणी रियासतकार येणार नाहीत. तेव्हा आपली नोंद पुढे सहज वाचली जाईल अशाच रूपात ठेवलेली बरी.

आता यंत्राकडे वळू. जेथे माणूस एकाच जागी बसून दिवसभर काम करतो, तेथे मेजावरचा संगणक म्हणजे डेस्कटॉप मला अधिक पसंत आहे. त्याच किमतीत त्याची क्षमता बहुधा अधिक असते, पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवता येतो, आणि एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो. वर सांगितलेल्या चार कामांसाठी ८ गिगाबाइट रॅम पुरते. एकाच वेळी पुष्कळ कामे उघडी ठेवणाऱ्याने १६ घ्यावी. साठवणीसाठी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. संगणक मंद वाटण्याचे एक मोठे कारण ती तबकडी असते, आणि लहान कार्यालयाला २५६ किंवा ५१२ गिगाबाइटची जागा बहुधा वर्षानुवर्षे पुरते. पैसे उरले तर ते वेगवान प्रोसेसरवर न घालता चांगल्या पडद्यावर, चांगल्या खुर्चीवर आणि यूपीएसवर घालावेत. वीज अकस्मात गेली असता चालू नोंद पुरी करून संगणक रीतसर बंद करण्यास जी पाच-दहा मिनिटे मिळतात, ती या यूपीएसमुळेच.

जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी मात्र एक तारीख ध्यानात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, जी पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. सुरक्षेच्या या दुरुस्त्यांकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम जगाने पाहिलेला आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने देशोदेशींचे संगणक कुलूपबंद केले आणि ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांचे काम विस्कळीत झाले. ज्या उणिवेतून तो आत शिरला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ती असंख्य संगणकांवर बसविली गेली नव्हती, एवढेच.

शेवटी पुन्हा नोंदीकडे येतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि कंपन्यांना ८ आर्थिक वर्षांचे. एवढ्या काळात यंत्र एकदा तरी बदलेलच. म्हणून नोंदीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या साधनावर, आणि तिसरी कार्यालयाबाहेर, मग ती घरच्या कपाटात असो वा इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत. दुसरी प्रत संगणकाला सदैव जोडलेली नसावी. नाहीतर चोर, आग किंवा विषाणू यांना दोन्ही एकदमच सापडतात. आणि महिन्यातून एकदा तरी त्या प्रतीतून हिशेब दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहावा, मागील आठवड्याचे एखादे बिल काढावे, शिल्लक जुळवावी. इंदूरच्या त्या पेढीवर एवढे एकच काम झाले असते, तर दारावरची पाटी आणि घर यांतला फरक पहिल्याच महिन्यात कळला असता.

त्या गृहस्थांनी पुढे नवा संगणक घेतला, तो पहिल्यापेक्षा साधा होता. दर शनिवारी हिशेबनीस प्रत काढतात, आणि महिनाअखेरीस मालक स्वतः ती घरी उघडून पाहतात. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चौरंगावर नेहमीप्रमाणे कळफलक होता. त्याच्या शेजारी एक लहानशी हार्ड डिस्क लाल कापडात गुंडाळून ठेवलेली होती. हळदकुंकू मात्र त्यांनी प्रथम तिला वाहिले.