डिकी उघड ना यार!

एकांकिकेचा स्लॉट सहाचा. साडेतीनला आम्ही थिएटरच्या पार्किंगमध्ये पोचलो, आणि मामाच्या जुन्या स्टेशन वॅगनची डिकी ढिम्म उघडेना! कपडे, ढोलकी, कंदील बाजूच्या दारातून काढले. अडकली ती सेटवरची साडेपाच फुटी दाराची चौकट. मागची सीट पाडून ती डिकीतूनच आत सरकवलेली, बाजूच्या दारातून वळणार कशी? आणि अख्खी एकांकिका त्या दाराभोवती!

स्टेशन वॅगन म्हणजे काय रे, असं ज्युनिअर्सनी विचारलंच. सेडानचं छप्पर थेट मागपर्यंत ओढत नेलेली गाडी. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना. आपल्याकडे फार कुणी टिकल्या नाहीत. मामाची कुठली ते सांगत नाही, रागावेल.

आधी अर्थातच धक्काबुक्की. एकानं तर पहार मागितली! तेवढ्यात मामाला फोन लागला. ‘‘पहार लावलीत तर पत्रा वाकेल, काचेचा चुरा होईल. हँडल कडक लागतंय का लुळं?’’

सगळं या प्रश्नात होतं. हँडल कडक असेल तर लॅचमध्ये गंज किंवा धूळ धरलेली असते. मग एकानं डिकी आत दाबून धरायची आणि दुसऱ्यानं हँडल ओढायचं. लॅचवरचा ताण कमी झाला की कधीकधी सुटते. आमचं हँडल मात्र लुळं. म्हणजे हँडलपासून लॅचपर्यंत जाणारा रॉड सुटलेला. तो एका चिमुकल्या प्लॅस्टिक क्लिपवर अडकवलेला असतो. वर्षानुवर्षं उन्हात तापून ती पिचते.

सगळ्यांत बारीक मी, म्हणून मीच चौकटीवरून सरपटत आत शिरले. आत नुसती भट्टी! दातांत टॉर्च, हातात फडकं गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर. डिकीच्या आतलं प्लॅस्टिकचं कव्हर कडेनं उचकटलं, त्यात त्याची दोन बटणं शहीद झाली. (मामाला अजून माहीत नाही.) खाली, डिकीच्या कडेला लॅच, आणि शेजारी रॉड लोंबतोय.

‘‘लॅचवर छोटा खटका दिसेल, तो सरकव. वायरींना हात लावू नकोस! आणि बाहेर दोघांना डिकी धरून उभं कर, दांडे गेलेत तिचे. डोक्यात पडेल.’’

एका बाजूला सरकवला, काही नाही. दुसऱ्या बाजूला... खट्ट! समोर उजेड, आणि घामेजलेले चार चेहरे. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकट घेऊन सगळे पळाले, मला बाहेर काढायचं कुणाच्या लक्षातच नाही.

नंबर आला नाही आमचा. रॉड सध्या तारेनं बांधलाय. नवी क्लिप शोधायला रविवारी जुन्या बाजारात जायचंय, आणि मामा म्हणतो, ‘‘तूच जा, तुला आता कळतं त्यातलं.’’